परतलेला सेवक : तरुण मॉर्मन मिशनऱ्यांच्या मनोव्यथेचा विचार

सेवेसाठी घर सोडून निघणाऱ्या तरुणाच्या उत्साहाविषयी ख्रिस्ती नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले जाते. सेवेचा ठरलेला काळ पुरा होण्यापूर्वीच जो खचून परत येतो, त्याच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशा परतलेल्यांचा विचार करू इच्छितो, आणि त्यासाठी मॉर्मन पंथाच्या तरुण मिशनऱ्यांचे उदाहरण घेत आहोत. ‘मॉर्मनचा ग्रंथ’ शास्त्र म्हणून मानणे आणि त्रैक्याविषयीची निराळी शिकवण या कारणांमुळे हा पंथ आपल्या मंडळ्यांपासून दूर आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्या मतभेदांची चर्चा हा येथे आमचा विषय नव्हे. इतक्या कोवळ्या वयाच्या इतक्या तरुणांना दरवर्षी सेवेस धाडणारी दुसरी संघटना सापडणे कठीण आहे. म्हणूनच त्यांच्या अनुभवातून सेवकांची तयारी करणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने काही शिकण्यासारखे आहे.

सेवेची पद्धती

जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ही मंडळी स्थापन केली. तिचे मुख्य केंद्र यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. ‘येशू ख्रिस्ताची उत्तरकालीन संतांची मंडळी’ असे तिचे नाव असून, २०१८ पासून ‘मॉर्मन’ हे टोपणनाव टाळावे असा तिच्या पुढाऱ्यांचा आग्रह आहे. आमच्या वाचकांस तेच नाव परिचित असल्यामुळे आम्ही ते वापरले आहे. त्यात अनादर नाही. आपल्या प्रदेशाशीही या मंडळीचा संबंध जुना आहे. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा तिचा मिशनरी मुंबईस उतरला व पुढे त्याने पुण्यातही काम केले. ते काम टिकले नाही. १९७८ साली सामोआ बेटांवर या मंडळीत आलेले एक भारतीय दांपत्य हैदराबादेस परतले, आणि त्यांच्या आप्तांपासून तेथील आधुनिक काळातील कामाला आरंभ झाला. १९९३ मध्ये बंगळूर येथे स्वतंत्र मिशन स्थापन झाले.

या मंडळीत तरुण पुरुषाची सेवा दोन वर्षांची आणि तरुण स्त्रीची दीड वर्षाची असते. कोठे जावयाचे हे मिशनरी स्वतः ठरवीत नाही. मंडळीच्या अध्यक्षाच्या नावाने पत्र येते आणि त्यात देश व भाषा नेमून दिलेली असते. काही आठवड्यांचे शिक्षण घेऊन तो त्या ठिकाणी जातो. सेवेचा खर्च बहुधा त्याचे कुटुंब आणि तो स्वतः मिळून उचलतात. पगार नसतो. सकाळी साडेसहाच्या सुमारास उठणे, अभ्यास, दारोदार जाऊन किंवा भेटी ठरवून शिक्षण देणे, रात्री साडेदहाच्या सुमारास निजणे, असा दिनक्रम वर्षानुवर्षे चालत आला. २०१७ पासून त्यात काहीशी सवलत आहे. आठवड्यातील एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट व पत्रव्यवहार यांसाठी राखलेला असतो.

मिशनरी कधीही एकटा राहत नाही. त्याला एक जोडीदार नेमून दिलेला असतो आणि दिवसरात्र दोघांनी एकत्र राहावयाचे असते. प्रभूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठविले, याचा आधार त्यासाठी दिला जातो. जोडीदार समजूतदार असल्यास ही व्यवस्था मोठा आधार ठरते. तो तसा नसल्यास, ज्याच्याशी मन जुळत नाही त्याच्याच सहवासात चोवीस तास काढावे लागतात, आणि एकांतात दोन अश्रू ढाळण्यासही जागा उरत नाही.

दुखण्याची कारणे

या तरुणांच्या मनावर येणाऱ्या ताणाची कारणे तीन प्रकारची आहेत, असे आम्हांस वाटते.

पहिले कारण वयाचे आहे. मनोविकार बहुधा तारुण्यातच प्रथम डोके वर काढतात. अमेरिकेत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार, ज्यांना आयुष्यात कधीतरी मनोविकार होतो त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांत त्याचा आरंभ वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत झालेला असतो. म्हणजे ज्या वयात सेवेचे बोलावणे येते, त्याच वयात दुखणे प्रकट होण्याचा संभवही अधिक असतो. सेवा नसती तरी काहींना ते झालेच असते. सेवेतील अपुरी झोप, परकी भाषा, घरापासूनचे अंतर आणि दिवसातून अनेक वेळा ऐकावा लागणारा नकार यांमुळे ते लवकर आणि तीव्रतेने प्रकट होते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये मंडळीचे तत्कालीन अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी सेवेस जाण्याचे किमान वय पुरुषांसाठी १९ वरून १८ आणि स्त्रियांसाठी २१ वरून १९ केले. २०२५ मध्ये स्त्रियांसाठीही ते १८ करण्यात आले. २०१२ च्या अखेरीस मिशनऱ्यांची संख्या सुमारे ५९,००० होती. वर्षभरात ती ८३,००० च्या वर गेली. पूर्वी शाळा संपल्यावर पुरुषांना निदान एक वर्ष मिळत असे. त्या वर्षात कोणी महाविद्यालयात जाई, कोणी नोकरी करी, आणि स्वतःचे मन थोडेफार ओळखण्यास अवसर लाभे. आता अनेक जण शाळेच्या बाकावरून थेट सेवाक्षेत्रात उतरू लागले.

दुसरे कारण धार्मिक मनोवृत्तीचे आहे. मिशनऱ्याला आज्ञापालनाविषयी वारंवार शिकविले जाते. नियम काटेकोर पाळल्यास आशीर्वाद मिळतो, ही शिकवण निरोगी मनाला शिस्त लावते. पण ज्याचे मन मुळातच शंकेखोर आहे, त्याच्यासाठी तीच काच होऊन बसते. कोणी बाप्तिस्मा घेतला नाही तर दोष आपल्याच कोठल्यातरी चुकलेल्या नियमाचा, असा हिशेब तो मनात मांडतो. मग लहानसहान विचारांचीही कबुली द्यावी असे त्याला वाटते, आणि ती देऊनही समाधान होत नाही. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत या दुखण्याला फार जुने नाव आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पायात बोचणारा बारीक खडा’ असा होतो. इग्नेशियस लोयोला या पापशंकेने पछाडला होता. मठात असताना मार्टिन ल्यूथर आपला आत्मिक मार्गदर्शक श्टाउपिट्झ याच्यापाशी तासन्‌तास पापांची कबुली देत असे. आजचे वैद्यक या अवस्थेस मनोग्रस्तीच्या विकारात घालते, आणि त्यावर उपचार आहेत. अशा रुग्णास अधिक प्रार्थना व अधिक आत्मपरीक्षण करण्यास सांगणे म्हणजे तहानलेल्यास मीठ देणे होय.

तिसरे कारण समाजाचे आहे, आणि आमच्या मते तेच सर्वांत जड आहे. यूटातील मॉर्मन समाजात पूर्ण केलेली सेवा ही तरुणाच्या लायकीची खूण मानली जाते. लहान मुले गाण्यांतून सेवेस जाण्याची आशा व्यक्त करतात. ‘सन्मानाने परत ये’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. परतणाऱ्याच्या स्वागतास सारे कुटुंब फलक घेऊन विमानतळावर उभे असते, आणि पुढे उपासनेत तो आपला अनुभव सांगतो. सहा महिन्यांतच परतलेल्याच्या वाट्याला यांतले पुष्कळसे येत नाही. लोक निंदा करतात असे नव्हे. काय बोलावे हे न कळल्यामुळे ते गप्प राहतात, आणि त्या मौनाचा अर्थ तो स्वतःविरुद्ध लावतो. यूटा व्हॅली विद्यापीठातील समाजकार्याच्या प्राध्यापिका क्रिस्टीन डोटी यांनी मुदतीपूर्वी परतलेल्या शेकडो मिशनऱ्यांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी आपल्याला अपयशाची भावना जाणवल्याचे सांगितले.

मंडळीने काय केले

न्याय्य दृष्टीने पाहता, हा प्रश्न त्या मंडळीच्या पुढाऱ्यांनी दडपून टाकला असे म्हणता येणार नाही. २०१३ मध्ये त्यांनी मिशनऱ्यांसाठी सेवाजीवनाशी जुळवून घेण्याविषयीची एक पुस्तिका काढली. तीत ताणाच्या चार पायऱ्या हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल या रंगांनी दाखविल्या असून, प्रत्येक पायरीवर काय करावे हे साध्या शब्दांत सांगितले आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यातील परिषदेत जेफ्री हॉलंड या ज्येष्ठ पुढाऱ्याने आपल्याला तरुणपणी आलेल्या तीव्र विषण्णतेविषयी उघडपणे सांगितले. त्या भाषणाचे शीर्षक एकतिसाव्या स्तोत्रातील फुटक्या भांड्याच्या उपमेवरून घेतलेले होते. २०१९ मध्ये रेना आबुर्तो यांनी त्याच व्यासपीठावरून स्वतःच्या विषण्णतेविषयी आणि वडिलांच्या आत्महत्येविषयी सांगितले.

व्यवहारातही बदल झाले. वर्षातून दोनदाच, नाताळात आणि मातृदिनी, घरी दूरध्वनी करण्याची मुभा असे. फेब्रुवारी २०१९ पासून ती दर आठवड्याची झाली. प्रकृतीमुळे ज्यांना धर्मप्रसाराचे काम झेपणार नाही, त्यांना घरी राहून रुग्णालये, अन्नवाटप केंद्रे इत्यादी ठिकाणी सेवा करण्याचा मार्ग त्याच सुमारास अधिक व्यवस्थितपणे खुला करण्यात आला. प्रकृतीच्या कारणाने परतणाऱ्यास सन्मानपूर्वक मुक्त केले जाते. एक अडचण मात्र राहते. शंभराहून अधिक तरुणांवर देखरेख करणारा मिशनाध्यक्ष हा बहुधा व्यापारी, वकील किंवा शिक्षक असतो. तो तीन वर्षांसाठी विनावेतन येतो. मानसोपचारांचे सल्लागार नेमलेले असतात, पण दुखणे प्रथम ओळखावयाचे असते ते या अध्यक्षाने आणि सोबतच्या अठरा-वीस वर्षांच्या जोडीदाराने.

शास्त्राचा प्रकाश

नियम बदलले तरी अपयशाची भावना सहजी जात नाही, कारण तिचे मूळ सेवेविषयीच्या आपल्या कल्पनेत असते. येथे ईश्वरविज्ञानास काही सांगावयाचे आहे.

मुदतीपूर्वी परतलेला पहिला ख्रिस्ती मिशनरी नव्या करारातच भेटतो. योहान मार्क हा पौल व बर्णबा यांच्याबरोबर निघाला आणि पंफुल्यातील पिर्गा येथून यरुशलेमास परत गेला. लूकाने कारण दिलेले नाही. घराची ओढ, भीती, आजार, मतभेद असे तर्क भाष्यकारांनी केले आहेत. शास्त्र मात्र मौन राखते. पुढे त्याला पुन्हा बरोबर न्यावे की नाही यावरून पौल व बर्णबा यांच्यात इतका तीव्र वाद झाला की ते एकमेकांपासून वेगळे झाले. पौलाचे म्हणणे कामाच्या दृष्टीने खोटे नव्हते. अर्ध्यावर सोडून जाणारा साथी कामाचे नुकसान करतो. बर्णबाने माणसाकडे पाहिले आणि तो मार्काला घेऊन कुप्रास गेला. अनेक वर्षांनी, कारागृहातून तीमथ्यास लिहिताना, पौल मार्काला घेऊन येण्यास सांगतो व तो सेवेसाठी आपल्याला उपयोगी असल्याचे नमूद करतो. मंडळीच्या प्राचीन परंपरेनुसार दुसरे शुभवर्तमान याच मार्काचे आहे. बर्णबाने त्या दिवशी त्याच्यासाठी भांडण पत्करले नसते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक पाळकाने करावा.

एलीयाची कथा आपणांस पाठ आहे. तिचा क्रम मात्र लक्षात राहत नाही. ईजबेलेच्या धमकीनंतर तो रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला दोषही देत नाही व उपदेशही करीत नाही. तो त्याला अन्न देतो, झोपू देतो आणि पुन्हा अन्न देतो. प्रश्न विचारला जातो तो चाळीस दिवसांनंतर होरेबात, आणि नवे काम सोपविताना अलीशाच्या रूपाने जोडीदारही दिला जातो. शरीर प्रथम, संवाद नंतर, काम सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे.

आपल्याच मिशन-इतिहासात एक मूक साक्ष आहे. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे विल्यम केरी यांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांच्या पत्नी डोरोथी यांची भारतात येण्याची इच्छा प्रथम नव्हती. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा वारला. पुढे त्यांचे मन भ्रमिष्ट झाले आणि १८०७ मध्ये श्रीरामपूर येथे त्या मरण पावल्या. शेजारच्या खोलीत भाषांतर चालू असे आणि त्या मात्र आजारात कोंडलेल्या असत. त्या काळी उपचार नव्हते. आज आहेत, म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे.

आपल्यासाठी

तेव्हा ज्या शिक्षणसंस्था व मंडळ्या तरुणांना सेवेस पाठवितात, त्यांनी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पाठविण्यापूर्वी मनाच्या आरोग्याविषयी तितक्याच सहजपणे विचारावे, जितक्या सहजपणे आपण क्षयाविषयी किंवा मधुमेहाविषयी विचारतो. आणि खरे उत्तर दिल्याबद्दल कोणाचे बोलावणे संशयास्पद ठरू नये. झोप उडणे, भूक मंदावणे, पुनःपुन्हा पापकबुली देणे, साथींपासून दूर राहणे ही लक्षणे देखरेख करणाऱ्यास माहीत असावीत. मरणाचा विचार कोणी बोलून दाखविल्यास ते गुपित म्हणून जपू नये. त्याला एकटे न सोडता त्वरित वैद्याकडे न्यावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. प्रार्थना अवश्य करावी, पण ती औषधाच्या जागी नव्हे, औषधासोबत.

आणि जो परत येतो, त्याच्या घरी आपण जावे. का परतलास हे पहिल्या भेटीत विचारू नये. त्याच्याबरोबर जेवावे, पुढच्या रविवारी त्याला बाकावर आपल्या शेजारी बसवावे, आणि बरे वाटू लागल्यावर त्याच्या शक्तीप्रमाणे एखादे लहानसे काम त्याच्या हाती द्यावे. आपल्या मंडळ्यांत पौलांची वाण नाही. प्रभू आपणांस बर्णबाही देवो, अशी आमची प्रार्थना आहे.