मोनो आणि स्टीरिओ : एकाच गीताचीं दोन रूपें

दोन मित्र बसच्या एकाच बाकावर बसून इअरफोनचें एक टोंक एकानें व दुसरें दुसऱ्यानें कानांत घालून गाणें ऐकत आहेत, हा देखावा आतां सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. उभयतांची समजूत अशी असते कीं, आपण एकच गाणें ऐकत आहोंत. पुष्कळदां तें खरें नसतें. इंग्लंडांतील 'बीटल्स' या प्रसिद्ध मंडळीची १९६३ सालची 'प्लीज प्लीज मी' ही तबकडी त्यांनीं स्टीरिओ रूपांत लावली, तर एकाच्या कानीं मुख्यत्वें गायकांचे कंठ पडतील, आणि दुसऱ्याच्या वांट्यास गिटार व ड्रम येतील. असें कां व्हावें, व यांतील खरें गाणें कोणतें म्हणावें, याचा विचार येथें करावयाचा आहे. 'रॉक' हा शब्द ऐकतांच नाक मुरडणाऱ्या पालकांनींही पान उलटूं नये, अशी विनंती आहे.

परमेश्वरानें आपणांस दोन कान दिले आहेत, ते केवळ शोभेसाठीं नव्हेत. उजवीकडील घंटेचा नाद उजव्या कानास आधीं पोहोंचतो व डाव्या कानास किंचित् उशिरां आणि कांहींसा क्षीण होऊन. हें अंतर सेकंदाच्या एकहजारांशाहूनही कमी असतें; तथापि तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. याच तत्त्वावर अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं द्विमार्गी ध्वनिमुद्रणाच्या पेटंटासाठीं अर्ज केला. स्टीरिओ तबकड्या बाजारांत येण्यास मात्र १९५८ साल उजाडलें, आणि बिचारा ब्लमलाइन १९४२ सालींच विमान-अपघातांत निवर्तला होता. मोनो मुद्रणांत सर्व स्वर एकाच मार्गानें येतात. स्टीरिओंत डाव्या व उजव्या बाजूंस निराळा नाद पुरविला जातो.

आतां वरील तबकडीकडे वळूं. तिच्यांतील बहुतेक गाणीं ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशीं लंडनमध्यें मुद्रित झालीं. त्या वेळीं फितीवर दोनच पट्टे होते. एकावर कंठस्वर व दुसऱ्यावर वाद्यें घेण्याचा हेतु एवढाच कीं, पुढें दोहोंचें मिश्रण करून मोनो प्रत सिद्ध करतांना कंठ व वाद्य यांचें प्रमाण ठीक राखतां यावें. सामान्य श्रोत्यांच्या घरीं त्या काळीं मोनो यंत्रेंच असत. पुढें तेच दोन पट्टे दोन बाजूंस वांटून स्टीरिओ प्रत काढण्यांत आली. स्वयंपाक होण्यापूर्वींच डाळ एका ताटांत व फोडणी दुसऱ्या ताटांत वाढावी, तसा हा प्रकार झाला!

१९६७ सालच्या 'सार्जंट पेपर' या तबकडीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तिच्या मोनो मिश्रणाच्या वेळीं चौघे कलावंत स्वतः लक्ष घालीत. स्टीरिओ मिश्रण मात्र जॉर्ज मार्टिन व त्यांचे सहकारी यांनीं मागाहून थोडक्या दिवसांत उरकलें. परिणामीं दोन प्रतींत भेद राहिले. 'शीज लीव्हिंग होम' हें गीत मोनो प्रतींत अधिक द्रुत असून सुमारें अर्ध्या स्वरानें चढें आहे. कारण फीत अधिक वेगानें फिरविली म्हणजे लय व स्वर दोन्ही वाढतात. १९६८ सालच्या 'हेल्टर स्केल्टर'ची स्टीरिओ प्रत जवळजवळ साडेचार मिनिटांची, तर मोनो प्रत तिच्याहून सुमारें एक मिनिटानें तोकडी आहे. १९६९ च्या 'अ‍ॅबी रोड'पासून मात्र स्वतंत्र मोनो मिश्रण करणेंच बंद झालें. म्हणून माझ्या मतें 'सार्जंट पेपर' मोनोंत ऐकावी आणि 'अ‍ॅबी रोड' स्टीरिओंत. कर्त्यांनीं ज्या प्रतीकडे लक्ष पुरविलें, तीच त्यांची कृति होय.

अमेरिकेंतील 'बीच बॉइज'चे ब्रायन विल्सन (१९४२–२०२५) यांना तर उजव्या कानानें बाळपणापासून जवळजवळ ऐकूं येत नसे. स्टीरिओचा आनंद त्यांस कसा मिळावा? तरीही १९६६ सालीं त्यांनीं 'पेट साउंड्स' ही मोनो तबकडी सिद्ध केली, आणि तिची गणना रॉकमधील सर्वोत्तम कृतींत होते. बासरी, व्हायोलिन, सायकलची घंटा इतके विविध नाद त्यांनीं एका कानाच्या साहाय्यानें असे विणले कीं, पुष्कळदां कोणतें वाद्य कोठें संपतें हें सांगतां येत नाहीं. मार्क लिनेट यांनीं निरनिराळ्या मूळ फिती जुळवून केलेली हिची स्टीरिओ प्रत १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. वाद्यें वेगळीं ओळखण्यास ती फार उपयोगी. परंतु ती ऐकतांना वस्त्राचे धागे मोजल्यासारखें होतें.

ज्या विद्यार्थ्यांना एकाच कानानें ऐकूं येतें, त्यांनीं हें अवश्य ध्यानीं घ्यावें कीं, स्टीरिओ गाणें एका कानानें ऐकल्यास त्यांतील कांहीं भाग अजिबात हातीं लागत नाहीं. बहुतेक मोबाइलमध्यें, सुलभतेच्या सोयी जेथें दिलेल्या असतात त्या ठिकाणीं, दोन्ही मार्ग एकत्र करून मोनो ऐकविण्याची व्यवस्था असते. पालकांनीं ती शोधून द्यावी. अशा रीतीनें बनलेलें मोनो व कर्त्यानें मुद्दाम केलेलें मोनो मिश्रण हीं मात्र एक नव्हेत. मार्ग जोडले असतां मध्यभागीं ठेवलेला कंठ बाजूच्या वाद्यांपेक्षां वर उठतो, व मूळचें प्रमाण बिघडतें. बीटल्सच्या अस्सल मोनो मिश्रणांचा संच २००९ सालीं पुन्हां प्रसिद्ध झाला आहे. 'शीज लीव्हिंग होम'च्या दोन्ही प्रती एकापाठोपाठ लावून हार्मोनियमवर पट्टी तपासून पाहावी.