एका पिंपाची अनेक आडनावं

जर्मनीत सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांची यादी काढली तर पहिल्या चारही जागा व्यवसायांनी पटकावलेल्या दिसतात. म्युलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी आणि फिशर म्हणजे मासेमार. थोडं खाली वेबर हा विणकर, वाग्नर हा गाड्या बनवणारा आणि बेकर हा पाव भाजणारा भेटतो. अशी यादी वाचली की वाटतं, मध्ययुगात कोणता धंदा किती लोक करत होते याची ही शिरगणतीच झाली. बरीच लोकप्रिय पुस्तकं हाच समज पुढे चालवतात. तो चुकीचा आहे. का चुकीचा आहे हे कळायचं असेल, तर या यादीत वरच्या जागी कुठेही न दिसणाऱ्या एका कारागिराकडे वळायला हवं. तो म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा.

हा कारागीर दुर्मीळ होता म्हणून यादीत नाही, असं म्हणण्याची सोय नाही. मध्ययुगीन युरोपात जे काही साठवायचं आणि दूर पाठवायचं असे, ते बहुतेक पिंपातच भरलं जाई. वाइन आणि बिअर तर होतीच, शिवाय ल्युनेबुर्गचं मीठ, बाल्टिक समुद्रातले खारवलेले हेरिंग मासे, लोणी, आंबवलेला कोबी, अगदी बंदुकीची दारूसुद्धा. आल्प्सच्या आसपासचे लोक वाइन कडी ठोकलेल्या लाकडी भांड्यांत ठेवतात, अशी नोंद रोमन लेखक थोरला प्लिनी याने पहिल्या शतकात करून ठेवली आहे. मोझेल नदीकाठच्या नॉयमागेन गावात सापडलेलं, साधारण इ. स. २२० मधलं, एका थडग्यावरचं दगडी शिल्प आज ट्रीअरच्या संग्रहालयात आहे. त्यात वल्ह्यांची लांब नाव आहे आणि नावेत पिंपं रचलेली आहेत. आडनावांची पद्धत येण्याच्या हजार वर्षं आधीपासून हा धंदा त्या नद्यांच्या काठी रुजलेला होता.

काम कौशल्याचं होतं. ओकचं लाकूड रेषेच्या दिशेनं फोडून फळ्या काढायच्या आणि त्या वर्षानुवर्षं उघड्यावर रचून वाळवायच्या. मग प्रत्येक फळी मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती तासायची, तिच्या कडांना असा तिरका उतार द्यायचा की सगळ्या फळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्यावर आपोआप गोल जुळावा. एका टोकाला कडं अडकवून फळ्या उभ्या केल्या की आत जाळ करायचा, बाहेरून पाणी मारायचं आणि तापून मऊ झालेलं लाकूड हळूहळू वाकवत दुसऱ्या टोकाचं कडं चढवायचं. शेवटी आतल्या बाजूनं खाच पाडून तिच्यात बूड बसवायचं. यात खिळा नाही आणि डिंक नाही. पाणी प्यायलेलं लाकूड फुगतं आणि फटी बुजतात. एवढं काम जमणारा माणूस गावात एखादाच असे, आणि ओळख पटवण्यासाठी त्याच्या धंद्याचं नाव उपयोगी पडण्याचं कारणही तेच. ज्या गावात सगळेच शेतकरी, तिथे ‘शेतकरी हान्स’ म्हणून कोणता हान्स ते कसं कळणार? ‘पिंपवाला हान्स’ म्हटलं की लगेच कळतं. म्हणजे एखादं आडनाव किती पसरलं हे तो धंदा करणाऱ्यांच्या संख्येवर थेट अवलंबून नसतं. अनेकदा धंदा करणारा एकटा असणंच आडनावाच्या पथ्यावर पडतं.

मग हा पिंपवाला यादीत गेला कुठे? तो तुकड्यातुकड्यांत विखुरला आहे. गिरणीला जर्मन प्रदेशात सगळीकडे एकच शब्द होता. तिच्या मालकाला कुठे म्युलर, कुठे म्योलर, तर कुठे मिलर म्हणत, पण शब्द एकच. लोहाराचंही तसंच. कोलोनकडे तो श्मिट्स लिहिला जातो, दक्षिणेत श्मिड, तरी नाव एकच राहतं. पिंपवाल्याला मात्र प्रत्येक प्रदेशानं वेगळी हाक मारली, कारण प्रत्येक प्रदेशात त्याच्याकडून मुख्यतः वेगळं भांडं बनवून घेतलं जाई आणि त्या भांड्याचं नाव त्याला चिकटे. कुठे भांडं मागे पडलं आणि कडी बांधण्याच्या क्रियेवरून त्याची ओळख ठरली. धंदा एक, पण आडनावं डझनाहून जास्त. या सगळ्यांची बेरीज केली तर पिंपवाला यादीत कितीतरी वर सरकेल. तेव्हा ती यादी धंद्यांची संख्या मोजते त्याहून अधिक शब्दांची एकवाक्यता मोजते, असं माझं म्हणणं आहे. व्यवसायवाचक जर्मन आडनावाचा खरा अर्थ यादीत शोधू नये. तो नकाशावर सापडतो.

हा नकाशा आज उपलब्ध आहे. फ्रायबुर्गचे कोनराड कुंत्से आणि माइन्त्सच्या दामारिस न्युबलिंग या भाषाशास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली ‘जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह’ तयार झाला. त्यासाठी २००५ सालच्या सुमारे २ कोटी ८० लाख घरगुती दूरध्वनी जोडण्यांच्या नोंदी वापरल्या गेल्या, आणि त्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं निघाली. त्यातल्या पिंपवाल्यांच्या आडनावांकडे पाहिलं की देशाची सरळ वाटणी झालेली दिसते. ब्रांडेनबुर्ग, साक्सन-आनहाल्ट या उत्तर आणि पूर्वेच्या पट्ट्यात ब्योट्शर दाट आहे. त्याच्या दक्षिणेला, थुरिंगिया आणि साक्सनीकडे, त्याचंच ब्योट्गर होतं. युरोपात पहिलं अस्सल पोर्सेलिन बनवण्याशी ज्याचं नाव जोडलं जातं, तो योहान फ्रीडरिश ब्योट्गर थुरिंगियातल्या श्लाइत्सचा. वेस्टफालिया आणि लोअर साक्सनीत मधला ‘श’ जाऊन ‘क’ येतो आणि ब्योडेकर, बेडेकर अशी रूपं मिळतात. उत्तरेकडच्या सखल प्रदेशातल्या बोलींनी हा जुना ‘क’ सोडलाच नाही, दक्षिणेच्या बोलींनी तो फार पूर्वी बदलला. प्रवास-मार्गदर्शिकांमुळे जगप्रसिद्ध झालेला प्रकाशक कार्ल बेडेकर १८०१ मध्ये एसेनला जन्मला, म्हणजे या पट्ट्याच्या काठावरच. मराठी वाचकाला हे आडनाव घरचं वाटेल, पण साम्य केवळ उच्चाराचं आहे. त्यातला ‘कर’ गावाचा पत्ता सांगत नाही.

फ्रँकोनियात आलं की ब्युट्नर सुरू होतो. ऱ्हाइनच्या वरच्या खोऱ्यात, बाडेन आणि अल्सासच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात, कीफर भेटतो. तिथला हा कारागीर पिंप बांधून थांबत नसे, तळघरातल्या वाइनची निगाही तोच राखायचा. कोलोन आणि बॉनच्या परिसरात फासबेंडर, म्हणजे पिंप बांधणारा. हेसेन आणि फाल्त्सकडे त्यातलं पिंप गळून नुसता बेंडर उरला, तर ऑस्ट्रियात बिंडर. ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला क्युपर आणि क्युपर्स, आणि सीमा ओलांडून नेदरलंड्समध्ये गेलं की कायपर. नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ खगोलांच्या पट्ट्याला ज्याचं नाव दिलं गेलं, तो खगोलशास्त्रज्ञ मूळचा तिथलाच. म्युनिकमध्ये या कारागिरांना शेफलर म्हणतात आणि दर सात वर्षांनी रस्त्यावर होणारं त्यांचं नृत्य आजही चालू आहे. धंदा इतका आटला आहे की नाचणाऱ्यांत आता इतर व्यवसायांचे लोकही असतात.

हे चित्र आजच्या भाषेचं नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. आज कोलोनचा माणूस या कारागिराला बोलताना काय म्हणतो, याच्याशी नकाशाचा संबंध नाही. जर्मन प्रदेशात आडनावं बाराव्या शतकाच्या सुमारास पश्चिम आणि दक्षिणेच्या मोठ्या शहरांत रुळू लागली. शहरं वाढली होती, बाप्तिस्म्याची नावं मोजकी होती, एकाच गल्लीत चार योहान आणि पाच हाइनरिश राहत, आणि कराच्या व मालमत्तेच्या वह्यांत त्यांना वेगळं काढणं भाग होतं. तिथून ही रीत उत्तरेकडे, पूर्वेकडे आणि खेड्यांत पोचायला चारशे वर्षं लागली. फ्रिसियात तर १८११ मधल्या नेपोलियनच्या फर्मानापर्यंत बापाचंच नाव मुलाच्या नावापुढे लागत होतं. पिंपवाल्याच्या मुलानं पाव भाजायला सुरुवात केली, तरी वहीत त्याच्या नावापुढे ब्योट्शरच राहिलं की ते आडनाव झालं असं समजायचं. स्पेलिंग मात्र पुढेही सैल राहिलं. १८७६ पासून जर्मन साम्राज्यभर सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली तेव्हा ते पक्कं झालं.

यावर पहिला आक्षेप साधनाविषयी येतो. दूरध्वनीच्या नोंदीत सगळी माणसं येत नाहीत, आणि २००५ मध्येही अनेक घरांत फक्त मोबाइल होता. मान्य आहे. पण नकाशाला एकूण संख्या नको असते, दोन प्रदेशांमधलं प्रमाण हवं असतं. घरगुती फोन नसलेले लोक फ्रँकोनियात ब्युट्नर आडनावाचेच निघावेत आणि कोलोनला फासबेंडर आडनावाचेच, असं मानायला कसलंही कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तीस वर्षांच्या युद्धात फाल्त्ससारखे प्रदेश ओस पडले आणि तिथे बाहेरून माणसं येऊन वसली. एकोणिसाव्या शतकात रूरच्या खाणींनी लाखो माणसं ओढून नेली. १९४५ नंतर पूर्वेकडच्या प्रदेशांतून सुमारे १ कोटी २० लाख जर्मनांना हुसकावलं गेलं किंवा पळावं लागलं. एवढ्या उलथापालथीनंतर मध्ययुगाचा काही मागमूस उरेल कसा? उत्तर स्थलांतराच्या स्वरूपातच आहे. गावाबाहेर पडणारी माणसं सगळीच्या सगळी एका ठिकाणी जात नाहीत, ती विरळ पसरतात. मागे राहिलेल्यांची लग्नं शतकानुशतकं आसपासच्या गावांतच होत राहिली, त्यामुळे मूळ ठिकाणची दाटी टिकली. स्थलांतरानं नकाशाचे रंग फिके पडतात, पण सीमा जागची हलत नाही. फिशर, वेबर यांसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या नावांवरून हे कळत नाही, पिंपवाल्यांसारख्या तुटक नावांवरूनच कळतं.

अपवाद एकाच प्रकारचा आहे, आणि तो या विधानाला बळकटीच देतो. ब्युट्नरमधल्या ओठ गोल करून उच्चारायच्या स्वराचा सायलेशिया आणि बोहेमियाच्या बोलींत साधा ‘इ’ झाला आणि बिट्नर हे नाव तयार झालं. आजच्या जर्मनीच्या नकाशावर बिट्नर पाहिला तर तो सगळीकडे थोडा थोडा आहे, घट्ट केंद्र कुठेच नाही. त्याचं केंद्र सीमेपलीकडे, आजच्या पोलंड आणि चेक प्रजासत्ताकात राहिलं आणि तिथली माणसं १९४५ नंतर उठवली गेली. पहिल्या महायुद्धात छापलेल्या जर्मन सैनिकांच्या हानीच्या याद्यांत त्यांची गावं दिलेली आहेत. वंशावळीच्या अभ्यासकांनी त्या याद्या संगणकावर आणल्या, आणि त्यांवरून काढलेल्या नकाशात बिट्नर सायलेशियात दाटलेला दिसतो. आजच्या नकाशावर केंद्र नसणं हाच इथे विस्थापनाचा पुरावा आहे. इतक्या माणसांचं घर सुटल्याचं दुःख आकड्यांत मावत नाही, पण त्याची खूण आडनावांच्या विखुरण्यात राहिली आहे.

तिसरा आक्षेप असा की आडनावाचा अर्थच मुळात संदिग्ध असू शकतो. आजच्या जर्मनमध्ये कीफर म्हणजे पाइन वृक्ष, आणि जबडासुद्धा. मग कीफर आडनाव पिंपवाल्याचंच कशावरून? इथेही नकाशाच कामी येतो. झाडाचं हे नाव मध्य-पूर्वेकडच्या बोलींतून आलं आणि पुढे लेखी भाषेतून देशभर पसरलं. नैऋत्येच्या बोलींत त्या झाडाला वेगळेच शब्द आहेत. कीफर आडनाव मात्र नेमकं त्याच नैऋत्येला दाट आहे, जिथे वाइन पिकते आणि या झाडाला कोणी कीफर म्हणत नसे. एखाद्याच्या मोठ्या जबड्यावरून हे नाव पडलं नसेलच असं नाही, पण अशी टोपणनावं द्राक्षमळ्यांच्या सीमा पाळत नाहीत. आन्सेल्म कीफर हा चित्रकार बाडेनमधल्या डोनाउएशिंगेनचा, म्हणजे या मुलखातलाच.

आडनाव ऐकताच माणसाची जात ताडण्याची सवय असलेल्या वाचकासाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ब्योट्शर नावाचं कोणतंही एक कुळ नाही. शेकडो गावांत शेकडो पिंपवाल्यांना हे नाव स्वतंत्रपणे मिळालं, आणि बहुतेकांच्या वंशजांनी पुढे पिंपाला हातही लावला नाही. शहरांतल्या कारागीर संघांनी धंद्यात शिरणाऱ्यांवर कडक नियम घातले होते, मालकाच्या मुलांना सवलतीही दिल्या होत्या, तरी आडनाव ही धंद्यात शिरायची अट कुठेच नव्हती. तसंच, नकाशा एका माणसाबद्दल खात्रीनं काहीच सांगू शकत नाही. अभिनेता मायकेल फासबेंडर हायडेलबर्गला जन्मला आणि आयर्लंडमध्ये वाढला. या दोन्ही जागा फासबेंडरच्या पट्ट्याबाहेरच्या आहेत. एखाद्या घराण्याचा माग काढायचा तर चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या उघडाव्या लागतात. त्या फार तर सोळाव्या शतकापर्यंत मागे जातात, आणि पुष्कळ गावांत तीस वर्षांच्या युद्धात जळाल्यामुळे तिथवरही पोचत नाहीत. त्याच्या मागे घराण्याचा पत्ता हाती लागत नाही. कोणत्या भागातल्या शेजाऱ्यांनी त्या पहिल्या कारागिराला कोणत्या नावानं हाक मारली, एवढंच आडनावाच्या रूपावरून सांगता येतं.