रस्सा शाकाहारी आहे काय? – पथ्यविचारातील एक उपेक्षित प्रश्न

चिकित्सेत औषधाइतकेच पथ्याला महत्त्व आहे, हे आपण सर्व वैद्य रुग्णांना नित्य सांगतो. तथापि पथ्य सांगताना आपण वापरलेला एखादा सैल शब्द रुग्णाच्या आयुष्यात केवढा गोंधळ घालू शकतो, याचा एक अनुभव मला काही वर्षांपूर्वी आला. तो वैद्यबंधूंपुढे मांडणे मी कर्तव्य समजतो.

आर्वी तालुक्यातील एक वृद्ध माळकरी गृहस्थ विरेचनासाठी माझ्याकडे आले होते. शोधन उत्तम झाले. संसर्जनक्रम सांगताना पेया, विलेपी यांचे विवेचन मी सविस्तर केले. पुढे मात्र घाईत, “नंतर हलका रस्सा चालेल,” एवढेच बोलून गेलो. माझ्या मनात मुगाचे यूष होते. त्यांच्या मुलाने एका भोजनालयातून ‘शाकाहारी रस्सा’ बांधून आणला. दोन दिवसांनी कळले की, तेथे सर्व रश्श्यांचा मूळ पाक एकच असून तो मटणाच्या अळणी पाण्यात शिजविला जातो. त्या गृहस्थांनी प्रायश्चित्त म्हणून दोन दिवस अन्न वर्ज्य केले. शोधनानंतर नुकताच प्रदीप्त होऊ लागलेला अग्नी मंदावला आणि ते पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. भोजनालयाचा दोष असेल. परंतु पहिला दोष माझा होता.

मसाला निर्दोष, संयोग संशयास्पद

आपल्या विदर्भातील सावजी रस्सा असो वा घरचा पाटवडी रस्सा, त्याचा मसाला पाहिला तर धणे, जिरे, मिरे, लवंग, दगडफूल, खसखस, सुके खोबरे ही सर्व द्रव्ये वानस्पतिकच आहेत. चना-पोह्यावरील तर्रीही हरभऱ्याची असते. मग प्रश्न कोठे उद्भवतो? तो उद्भवतो पातळ भागात. फोडी डोळ्यांना दिसतात; पाणी कशाचे आहे, स्नेह कोणता आहे, पळी कोणत्या भांड्यातून आली, हे दिसत नाही. मांसाचे तुकडे वेचून काढल्याने मांसरस शाकाहारी होत नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत. प्रकृती म्हणजे द्रव्याचा स्वभाव हे त्यांतील केवळ एक. करण, संयोग आणि उपयोक्ता यांचाही विचार तेथे तितकाच आवश्यक मानला आहे. रश्श्याची योग्यता मसाल्यावरून नव्हे, तर संयोगावरून आणि तो सेवन करणाऱ्यावरून ठरवावी लागते. एकाच वाटीतील रस्सा अंडे खाणाऱ्यास चालेल, माळकऱ्यास तो मांसरहित हवा, तर जैन रुग्णास कांदा-लसूणही वर्ज्य असू शकेल. ‘शाकाहारी’ हा एकच शब्द या सर्वांना पुरत नाही.

सेवाग्रामच्या जिल्ह्यात विसरू नये असा प्रसंग

महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत दोन प्रसंग नोंदविले आहेत. मुंबईत दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला असता डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचा रस्सा सुचविला. गांधीजींनी तो नाकारला. दुसरा प्रसंग दक्षिण आफ्रिकेतील. डर्बनमध्ये कस्तुरबा अत्यंत अशक्त झाल्या असता डॉक्टरांनी गोमांसाचा रस देण्यासाठी दूरध्वनीवरून गांधीजींची अनुमती मागितली. त्यांनी ती दिली नाही. डर्बनला पोहोचल्यावर मात्र डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की, दूरध्वनी केला त्यापूर्वीच तो रस दिला गेला होता. रुग्णाचे प्राण वाचविण्यासाठी फसविणे त्यांना गैर वाटत नव्हते. गांधीजींना ती प्रतारणा वाटली. पुढे कस्तुरबांना विचारले असता त्यांनीही तो रस घेण्यास ठाम नकार दिला.

मांसरस बल्य आहे काय, हा येथे प्रश्नच नाही. आयुर्वेदाने त्याची तर्पक म्हणून प्रशंसा केली आहे आणि संसर्जनक्रमात यूषानंतर त्यास स्थान दिले आहे. परंतु त्याच शास्त्राने क्षीर जीवनीयांत श्रेष्ठ मानले व मुगाला शमीधान्यांत अग्रस्थान दिले. कृत व अकृत यूष, कुलत्थ यूष, दूध, तूप असे पर्याय हाती असताना रुग्णास अंधारात ठेवण्याची वैद्यास गरजच काय? आपल्या ग्रंथकारांनी महामाष तैलाचे सामिष व निरामिष असे भेद नावातच स्पष्ट केले. सांगून देणे ही आपली परंपरा आहे.

वेष्टनावरील चिन्ह

बांधीव अन्नपदार्थांवर मांसाहाराचे तपकिरी चिन्ह २००१ पासून आले व पाठोपाठ शाकाहाराचे हिरवे. २०२० च्या नियमांनी तपकिरी वर्तुळाच्या जागी त्रिकोण आणला. भोजनालयातून बांधून आणलेल्या रश्श्यावर मात्र कोणतेही चिन्ह नसते. तयार रस्सा, सूप व मसाला यांत ६३१ या क्रमांकाचे रुचिवर्धक असू शकते; ते मांस वा मासळीपासूनही बनते आणि वानस्पतिक पिष्टाच्या किण्वनानेही. घटक कितीही अल्प असला तरी त्याचा उगम स्पष्ट करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. थाई पद्धतीच्या तयार करीत बहुधा कोळंबीचे वाटण असते, हे परदेशी मुलांकडे जाणाऱ्या रुग्णांस अवश्य सांगावे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जिलेटिनची कॅप्सूल प्राण्यांच्या अस्थी व त्वचेपासून बनते. आतील चूर्ण शुद्ध वानस्पतिक असले तरी माळकरी ग्राहकास ती देण्यापूर्वी सांगणे उचित. वानस्पतिक आवरणाच्या कॅप्सूल उपलब्ध आहेत. शिवाय चूर्ण व वटी हे आपले पर्याय आहेतच.

व्यवहारात काय करावे?

१. रुग्णपत्रकात ‘शाकाहारी’ एवढेच न लिहिता अंडे, कांदा-लसूण, व्रत व माळ यांची स्वतंत्र नोंद करावी.

२. ‘रस्सा’, ‘सूप’ असे मोघम शब्द टाळून ‘घरी शिजविलेले मुगाचे कढण’ असे स्पष्ट लिहून द्यावे.

३. संसर्जनकाळात बाहेरचा पातळ पदार्थ पूर्ण वर्ज्य सांगावा. तीक्ष्ण मसाला व अतिस्नेह यांमुळे तो तसाही अग्नीस अहितकर असतो.

४. बाहेर जेवणे अपरिहार्य असल्यास, “भाजी कोणती?” याऐवजी “रस्सा कोणत्या पाण्यात शिजविला व भांडे वेगळे आहे काय?” असे विचारण्यास रुग्णास शिकवावे.

पथ्य हे रुग्णाच्या शरीराइतकेच त्याच्या मनालाही पटावे लागते. मनाला न पटलेले अन्न अंगी लागत नाही, हे आपण मानतो. मग ते कशाचे आहे हे सांगण्यापासून आपण का चुकावे? त्या वृद्ध गृहस्थांना मी एक वाक्य अधिक सांगितले असते, तर त्यांचे दोन दिवसांचे उपवास टळले असते. ते वाक्य आता मी प्रत्येक रुग्णास लिहून देतो.