ठिणगीची वेळ

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, जेथे हिवाळ्यात महिनोन्महिने जमिनीचे दर्शन दुरापास्त होते आणि जेथल्या रोझो व थीफ रिव्हर फॉल्स या लहान गावांतच स्नोमोबिलचे मोठे कारखाने उभे राहिले, तेथील एका वृद्ध मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये मी कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत. गेल्या जानेवारीत त्याने एका जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. माथ्याच्या मधोमध करंगळी जाईल एवढे भोक, त्याच्या कडा मेणासारख्या ओघळलेल्या, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे मोहरीहूनही बारीक कण चिकटलेले.

तहकीकात केली तेव्हा कळले, की मालकाने जीर्ण वायरिंग बदलताना पिकअप कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल केली होती. फ्लायव्हीलवरचा उंचवटा समोरून जाताना ही कॉइल विजेचा एक सूक्ष्म स्पंद पाठवते, ज्याचा एक अर्धा भाग धन व दुसरा ऋण असतो. तारा उलटल्या की इग्निशनची पेटी उंचवट्याच्या भलत्याच काठाची वर्दी घेते. या इंजिनात त्यामुळे ठिणगी वेळेआधीच पडू लागली होती. मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या वेगात एक फेरा साडेसात मिलिसेकंदांत पुरा होतो, तेथे काही अंशांचा फरक कानाला कसा कळावा? पिस्टन अजून वर चढत असतानाच ज्वाला भडकते, उरलेले मिश्रण एकदम स्फोट पावते, आणि धातूला बिलगून राहिलेला, त्याचे रक्षण करणारा वायूचा पातळ थर त्या तडाख्याने उडून जातो. मग ६६० अंश सेल्सिअसला वितळणारे ॲल्युमिनियम २,००० अंशांहून तप्त वायूपुढे उघडे पडते.

मालकाची तक्रार एकच होती: गाडी तर पहिल्याच झटक्याला सुरू झाली! मला वाटते, सारा घात या समजुतीतच आहे. टू-स्ट्रोक इंजिन इतके सोशिक, की मुद्दाम लवकर ठिणगी टाकून ते उलटेही फिरवता येते; स्की-डूच्या काही गाड्यांत मागे जाण्याची तजवीज याच युक्तीवर बेतली आहे. अशा यंत्राचे सुरू होणे हा तारा बरोबर असल्याचा दाखला कसा मानावा?

तारांच्या रंगांवरही भिस्त ठेवता येत नाही. एका कंपनीची काळी तार अर्थिंगची, तर दुसरीची काळी तार इंजिन बंद करणारी आणि अर्थिंगची तपकिरी. त्या बंद करण्याच्या तारेत कोणी बॅटरीचे बारा व्होल्ट सोडले, तर पेटी जळते.

तारा सरळ जोडून नवा पिस्टन बसवल्यावर म्हाताऱ्याने प्लगच्या भोकात डायल गेज उतरवून पिस्टनचे सर्वोच्च स्थान शोधले, तेथून पुस्तिकेत दिलेले अंतर मोजून मागे येऊन आवरणावरच्या खुणेसमोर फ्लायव्हीलवर खडूची रेघ ओढली, इंजिन सुरू केले आणि टायमिंग लाइट माझ्या हाती दिला. लखलखाटात फिरते चाक जणू थिजले; परंतु रेघ खुणेच्या बोटभर बाजूला होती. त्याने इंजिन बंद करून फ्लायव्हील उतरवले, तेव्हा त्याला दांड्यावर अचूक जागी धरणारी आतली लहानशी चावी अर्धवट कातरलेली निघाली. ती बदलून, पुन्हा मोजून नवी रेघ ओढून पाहिले, रेघ खुणेवर येऊन स्थिरावली, आणि मगच त्याने वहीत तारीख लिहून गाडी बर्फावर काढली.