मोजणाऱ्याचे मोजमाप : उपग्रह-दिशादर्शनातील अँटेनांचे क्षेत्रीय अंशशोधन

तुलनेचा मानदंड कोणता आणि तो कोणी तपासला, हा तौलनिक साहित्याभ्यासातील प्रश्न मापनशास्त्रालाही अपरिचित नाही. १८०० साली विल्यम लॅम्ब्टन याने बेंगळुरूजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली, तेव्हा आपली शंभर फुटी पोलादी साखळी उन्हाने किती लांबते, याचा हिशेब त्याला ठेवावा लागला. त्याच शहरात भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील स्थायी उपग्रह-ग्राहक स्थानकाच्या नोंदींतून भारतीय भूपट्टाची वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर होणारी हालचाल मोजता येते. साखळीच्या जागी अँटेना आली. मूळ प्रश्न मात्र कायम राहिला.

सर्वेक्षक टेपने उंची मोजतो ती अँटेनाच्या तळाशी ठरवलेल्या संदर्भबिंदूपर्यंत. उपग्रहाची लहर मात्र जणू दुसऱ्याच एका बिंदूशी ग्रहण होते. त्या बिंदूस कला-केंद्र म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाही, संदर्भबिंदूपासून काही सेंटिमीटर दूर असू शकते आणि स्थिरही नसते. उपग्रह माथ्यावर आहे की क्षितिजाजवळ, तसेच लहरीची वारंवारता कोणती, यांनुसार ते सरकते. ही सरक शोधून तिची सारणी तयार करणे म्हणजे अंशशोधन होय.

क्षेत्रीय पद्धती साधी आहे. मोकळ्या जागी काही मीटर अंतरावर दोन पक्के स्तंभ घेतात. त्यांतील अंतर आणि उंचीचा फरक अन्य साधनांनी आधीच अचूक मोजलेला असतो. एका स्तंभावर प्रमाण मानलेला, तर दुसऱ्यावर तपासावयाचा अँटेना पाणसळीने समतल करून, उत्तरेकडे रोखून बसवतात. दिवसभराच्या निरीक्षणानंतर दुसरा अँटेना १८० अंशांनी फिरवून निरीक्षण पुन्हा घेतात. मोजलेले स्थान जितके सरकते, त्याच्या निम्मा त्याचा क्षितिजसमांतर दोष असतो. उंचीतील दोष मात्र केवळ प्रमाण अँटेनाच्या तुलनेतच कळतो.

या पद्धतीची मर्यादा येथेच आहे. दीर्घकाळ एका विशिष्ट जातीचा अँटेना निर्दोष असल्याचे गृहीत धरले जात होते. दोन स्थानके जवळ असली, तर दोघांनाही उपग्रह एकाच कोनात दिसतो. त्यामुळे प्रमाण अँटेनाचा दोष वजाबाकीत लोप पावतो. स्थानके हजारो किलोमीटर दूर असली, की पृथ्वीच्या वक्रतेमुळे कोन भिन्न होतात आणि तो दोष उंचीत उतरतो. यावर जर्मनीतील हॅनोव्हर येथे मार्ग निघाला : यंत्रमानवाच्या हातावर तोच अँटेना फिरवून आणि कलवून त्याची तुलना त्याच्याच अन्य स्थितींशी करणे. नोव्हेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेने अशा निरपेक्ष सारण्या स्वीकारल्या.

भारताच्या 'नाविक' प्रणालीबाबत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तिच्या मूळ दोन वारंवारतांच्या तरंगलांबी सुमारे २५ आणि १२ सेंटिमीटर आहेत. त्यामुळे प्रत्येकीसाठी स्वतंत्र सारणी लागते. शिवाय तिच्या रचनेतील भूस्थिर उपग्रह आकाशात जवळजवळ एकाच जागी राहतात. फिरत्या उपग्रहांच्या बाबतीत दिशेनुसार बदलणारा दोष सरासरीत काही अंशी निवळतो. येथे तो तसाच साचून राहतो.

निकटच्या तुलनेत मानदंडाचा दोष झाकला जातो आणि दूरच्या तुलनेत तो उघड होतो, हा या प्रक्रियेचा निष्कर्ष आहे. एका साहित्याला प्रमाण मानून इतरांचे मोजमाप करणाऱ्या अभ्यासकानेही तो ध्यानी घेण्याजोगा आहे.