अभिजात इंग्रजी साहित्य आणि आमचा आस्वाद

जुनी इंग्रजी नाटके आणि कविता आज कुणाला खरोखर आवडतात काय, हा प्रश्न एका कार्यकर्त्या मित्राने मला तुमसर रोड स्थानकावर गाडीची वाट पाहताना विचारला. उत्तर त्याच्या प्रश्नातच होते. "इंग्रज गेला, त्याचा शेक्सपिअर तुम्ही मास्तर लोक अजून कशाला डोक्यावर घेऊन फिरता?" गाडी आली आणि बोलणे तुटले. पण प्रश्न सुटला नाही.

या गावात बी. ए. च्या मुलांना इंग्रजी शिकविण्यात माझी बरीच वर्षे गेली. तेव्हा प्रामाणिकपणे सांगतो : ज्या रीतीने हे साहित्य वर्गात येते, त्या रीतीने ते कुणालाच आवडत नाही. मुले गाईड वाचतात, मराठीतला सारांश पाठ करतात आणि दहा गुणांचे उत्तर लिहून मोकळी होतात. वर्डस्वर्थची डॅफोडिल्सवरची १८०७ साली छापलेली कविता मी किती वेळा शिकविली असेल! ते फूल मीही पाहिलेले नव्हते. एकदा सोपे करून सांगावे म्हणून म्हणालो, धान कापल्यावर बांधीत लाखोळी निळी फुलते, तसे समजा. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, लाखोळी पाहून आमच्या आईला मजुरी आठवते, कविता नाही आठवत." वर्ग हसला. मी हसू शकलो नाही. निसर्गाकडे निवांत पाहायला आधी रिकामा वेळ लागतो आणि तो वेळ कुणाच्या श्रमावर मिळतो, हे त्या मुलाने एका वाक्यात सांगितले होते.

आवडल्याचे सोंग मात्र आम्ही फार केले. त्याला इतिहास आहे. मेकॉलेचे टिपण १८३५ चे. राज्यकर्त्यांना आपल्या अभिरुचीचा एक वर्ग इथे घडवायचा होता, आणि इंग्रजी साहित्य हे त्याचे साधन होते. इंग्लंडच्या विद्यापीठांत हा विषय रुजण्याआधी तो आमच्याकडे शिकविला जात होता. पण याच काळाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी भाषेचे मनापासून स्वागत आहे. संस्कृतचे दार ज्यांना बंद होते, त्यांना हे दार निदान ढकलून पाहता येत होते. राज्यकर्त्यांचा हेतू एक आणि आमच्या हाती लागलेली वस्तू दुसरी, असे इतिहासात पुष्कळदा घडते.

मराठीत शेक्सपिअर आला तो मात्र वरच्या वर्णांच्या हातून. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली 'ऑथेल्लो' मराठीत आणले, आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' १८८३ साली केले, देवलांचा 'झुंझारराव' त्यानंतरचा. ही कामे मोलाची आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्यातून असा समज पसरला की शेक्सपिअर हा पंडितांचा आणि पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांचा. तो स्वतः कोण होता? हातमोजे करणाऱ्याचा मुलगा. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला. १५९२ साली रॉबर्ट ग्रीन या पदवीधर लेखकाच्या नावे निघालेल्या पुस्तिकेत त्याची संभावना दुसऱ्याची पिसे लावून मिरवणारा कावळा अशी झाली. दलित लेखकाला 'तुमची भाषा साहित्याची नव्हे' असे ज्यांनी ऐकविले, त्यांची जात जुनीच दिसते! ग्लोब नाट्यगृह १५९९ चे. तिथे एक पेनी देऊन उघड्या अंगणात उभे राहून नाटक पाहणारे कामकरी लोक होते. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटक चालते. त्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला ग्लोबचे अंगण परके वाटले नसते.

आता वर्गातला एक अनुभव सांगतो. 'ऑथेल्लो'चा पहिला अंक. डेस्डिमोनाचा बाप ब्रॅबँशियो या काळ्या सेनापतीला प्रेमाने घरी बोलावतो, त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकतो. मुलगी त्याच्याशी लग्न करते, तेव्हा तोच बाप रात्री दरबारात धावतो : माझ्या पोरीवर याने चेटूक केले. त्या दिवशी मी गाईड बाजूला ठेवून नुसती गोष्ट सांगितली. एक मुलगा उठला. "सर, घरी बोलावून चहा पाजला, गोष्टी आयकल्या. पोरीचा प्रश्न आला तेव्हा रंग दिसला." दुसरा म्हणाला, "कप वेगळा नव्हता, एवढंच." तासभर वर्ग बोलत राहिला. दरबार ऑथेल्लोला का सोडतो? तुर्कांचे आरमार सायप्रसकडे निघाले आहे आणि राज्याला सेनापती हवा आहे. मग महार सैनिकांचा विषय आपोआप निघाला. गरज होती तोवर लढवले, १८९० च्या दशकात भरती बंद केली, महायुद्ध आले तेव्हा पुन्हा दार उघडले. हे कुठल्याही गाईडात नव्हते.

शेवटचा अंक आला तेव्हा एका मुलीने मला अडचणीत आणले. काळ्या माणसावर अन्याय झाला हे कबूल, पण तो बायकोचा गळा दाबतो, त्याचे काय? आणि खरे बोलते कोण, तर एमिलिया, दुसऱ्याच्या घरी चाकरी करणारी बाई. तिला तिचाच नवरा भोसकतो. "तुम्ही ऑथेल्लोचंच दुःख सांगता, सर." तिचे म्हणणे बरोबर होते. आमच्या चळवळीतही हा प्रश्न बायकांनी विचारला आहे आणि आम्ही पुरुषांनी तो टाळला आहे.

म्हणून मित्राला माझे उत्तर असे : आवड ही पूजेतून येत नाही, भांडणातून येते. जेम्स बाल्डविन या काळ्या लेखकाने १९६४ साली आपण शेक्सपिअरचा द्वेष करणे का सोडले यावर लेखच लिहिला. त्याला या कवीत अखेर सामान्य माणसांचे जगणे सापडले. एमे सेझेअरने १९६९ साली उलट वाट धरली. 'टेम्पेस्ट'मधला गुलाम कॅलिबन त्याने बंडखोर करून नव्याने उभा केला. मला दोघेही आपले वाटतात. सगळे मात्र मी पत्करत नाही. त्या काळच्या कितीतरी कविता मला आजही कोरड्या वाटतात, आणि त्या आवडल्याच पाहिजेत असे मी विद्यार्थ्यांना सांगणे सोडले आहे.

त्या वर्गातल्या मुलांनी पुढे मंडईत 'ऑथेल्लो' झाडीबोलीत करायचे ठरविले. रुमालाचा दुपट्टा करायचा की नाही यावर दोन दिवस वाद झाला. ऑथेल्लो व्हायला चौघे तयार होते. ब्रॅबँशियोचे काम मात्र कुणी घेईना. शेवटी ते माझ्या गळ्यात पडले. तालमीत त्या मुलीने मला थांबवून सांगितले, "सर, तुम्ही फार रागावता. असे बाप रागावत नाहीत, आधी हात जोडतात."