कृष्णविवरांचं लग्न जुळवतं कोण?

एका वाचकाने विचारलंय : ‘दोन कृष्णविवरं आदळली, असं तुम्ही लिहिता. पण एवढ्या अफाट आकाशात त्यांची गाठ पडतेच कशी?’ बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने टिपलेली पहिली जोडी घ्या. वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट. गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गमावत दोघं जवळ सरकतात खरी, पण अंतर दुप्पट असेल तर वेळ सोळापट लागतो. विश्वाच्या वयाएवढ्या मुदतीत मीलन व्हायचं, तर सुरुवातीचं अंतर साधारण साडेतीन कोटी किलोमीटरच्या आत हवं. बुधसुद्धा सूर्यापासून याहून लांब आहे! आणि ज्या ताऱ्यांतून अशी विवरं जन्मतात, ते म्हातारपणी फुगून याहून मोठे होऊ शकतात.

एक उत्तर असं, की फुगलेल्या ताऱ्याचं आवरण जोडीदारालाही गिळतं. ते आवरण बाहेर भिरकावण्यात जोडीची ऊर्जा खर्च होते आणि कक्षा आवळते.

मला मात्र दुसरं उत्तर आवडतं. लाखो ताऱ्यांची दाटी असलेल्या गोलाकार तारकागुच्छात जड विवरं हळूहळू तळाशी, म्हणजे केंद्राकडे बसत जातात. कारण त्यांच्या मागे ताऱ्यांची गर्दी गोळा होते आणि तीच त्यांना मागे खेचते. हे ‘गतिकीय घर्षण’ खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलं. त्यांचं नाव निघालं की आपण श्वेतबटू ताऱ्यांच्या वस्तुमान-मर्यादेचा, म्हणजे सूर्याच्या १.४ पट हा आकडा घोकतो, या कामाची आठवण क्वचितच निघते. केंद्रात जोडी जमली, की जवळून जाणारा तिसरा तारा तिची ऊर्जा घेऊन उधळतो आणि जोडी आणखी घट्ट होते. मध्यस्थालाच मांडवाबाहेर फेकणारं हे लग्न!

जन्म कधीचा आणि कुठला, हे आणखी अवघड. ताऱ्यात जड मूलद्रव्यं कमी असली, की त्याचं द्रव्य उडवून नेणारे वारे मंदावतात आणि विवर मोठं उरतं. असे तारे विश्वाच्या बालपणी मुबलक होते, आज मुख्यतः छोट्या दीर्घिकांत आढळतात. लहर फक्त मीलनाची वेळ सांगते. जन्म त्याआधी काही कोटी वर्षं झाला असेल किंवा हजार कोटी.

त्यामुळे ‘जन्मस्थान सापडलं’ असे मथळे जपून वाचावेत. त्या पहिल्या लहरीचा उगम आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांत कुठेतरी होता, म्हणजे जवळपास तीन हजार पूर्णचंद्र मावतील एवढ्या पट्ट्यात. हा पट्टा अरुंद करायला दूरदूरच्या वेधशाळा लागतात. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी करायची, ती यासाठीही.